झाड पाडताना थोडं लाकूड सोडायचं असतं

संपादक महोदय,

झाड तोडताना कुणी दगावलं की पेपरात एक ओळ येते, 'अंगावर झाड पडून मृत्यू'. आता झाड काय स्वतःहून अंगावर येतं का? बऱ्याचदा काप चुकलेला असतो, पण ते कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

चेनसॉ, म्हणजे फिरत्या साखळीची मशीन करवत, आजकाल कुणीही घेतं, दोन व्हिडिओ बघतं आणि लागतं कापायला. मशीन चालू कसं करायचं ते सगळ्यांना कळतं, कापताना थांबायचं कुठं हे नाही आणि खरी मेख तिथंच आहे. ज्या बाजूला झाड पाडायचं तिकडून आधी खाच घ्यायची, खोडाच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी खोल, मग मागून खाचेच्या तळापेक्षा किंचित वर काप घ्यायचा, पण आरपार नाही, मधे लाकडाची एक पट्टी सोडायची, जाडीच्या साधारण दहाव्या भागाएवढी, म्हणजे 50 सेंटिमीटरचा बुंधा असेल तर 5 सेंटिमीटर. ही पट्टी म्हणजे बिजागरी, झाड तिच्यावर वळत ठरवलेल्या बाजूला येतं. आपले लोक काय करतात, झाड पडेना म्हणून वैतागून तीच कापून टाकतात, मग ते कुठंही जाऊ शकतं, अगदी बुंध्यावरून घसरून कापणाऱ्याच्या पायावरसुद्धा. अहो, पडत नसेल तर मागच्या कापात पाचर ठोका ना! प्लास्टिकची घ्या, लोखंडी पाचरीला चेन लागली तर दात गेलेच म्हणून समजा.

आधीच कललेलं झाड नवशिक्यानं हातात घेऊच नये, काप अर्ध्यावर असताना खोड उभं फाटतं आणि मागचा भाग उसळून छातीवर येतो.

दुसरं म्हणजे किकबॅक. बारच्या, म्हणजे ज्या पात्याभोवती चेन फिरते त्याच्या, टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की मशीन उलटं तोंडाकडं उसळतं, सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून डावा अंगठा पुढच्या दांड्याला खालून पक्का वळवलेला पाहिजे, बरेच जण तो वर नुसता टेकवतात. चेन ब्रेक, म्हणजे चेन झटक्यात थांबवणारा ब्रेक, रोज कामाआधी तपासायचा, खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, शिडीवर तर अजिबात नाही. आणि ढलप्यांऐवजी बारीक पावडर पडायला लागली तर चेन बोथट झालीय, जोर लावत बसू नका, धार करा.

हेल्मेट, गॉगल, कानाला मफ, पायाला चेनसॉची खास पँट, हे सगळं हवंच, पण त्याआधी मान वर करून वाळलेल्या फांद्या बघा आणि पळायची वाट साफ करा, मागं तिरकी, साधारण 45 अंशात. बाकीची मंडळी झाडाच्या दुप्पट उंचीएवढी लांब.

जमलं तर खाच, मागचा काप आणि मधली पट्टी दाखवणारं एक साधं चित्र छापा, माझ्या एवढ्या लिहिण्यापेक्षा ते लवकर कळेल.

आपला एक वाचक