काका, तलंगा अंड्यावर आल्या!

काका,
सा. न. वि. वि.

आमच्या कोंबड्यांना अंड्यावर आणायला मदत केलीत म्हणून समोरासमोर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. शिवाय आपल्या धायरीत हल्ली बऱ्याच जणांनी घरामागे चार-दोन कोंबड्या पाळल्यात आणि सगळ्यांची तक्रार एकच: तलंगांचं (अजून अंडं न घातलेल्या तरण्या कोंबड्यांचं) वय झालं, अंडं कुठाय?

पिल्लं विकणाऱ्याने "पाच महिन्यांत अंडी" असं छातीठोक सांगितलं होतं. तुम्ही मात्र वयाच्या आधी जात विचारलीत. पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येते. गावरान आणि कडकनाथ सहा-सात महिनेही घेतात. आमच्याकडे सगळ्या गावरान आणि एकच कडकनाथ. म्हणजे आम्ही दुसऱ्याच्या पोरीचं वय आमच्या पोरीला लावत होतो.

मग उजेडाचं गणित. ते तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. कोंबडीच्या अंगातलं अंड्याचं चक्र दिवसाच्या लांबीवर फिरतं. भरपूर अंडी हवीत तर तिला साधारण १४ ते १६ तास उजेड लागतो, आणि पुण्यात डिसेंबरचा दिवस जेमतेम ११ तासांचा. आमची जूनमधली पिल्लं वयात येणार ती नेमकी दिवस आखडत असताना! ह्यांनी लगेच खुराड्यात बल्ब लावायची तयारी केली, तेव्हा तुम्ही हात धरलात. अंग भरायच्या आत उजेड वाढवून घाई केली, तर अंडं अडकू शकतं, अंडनलिका बाहेर येऊ शकते. "संक्रांत होऊ द्या, दिवस तीळतीळ वाढू द्या," एवढंच म्हणालात.

आणि कॅलेंडरपेक्षा कोंबडीकडे बघायला शिकवलंत. तुरा फिकट गुलाबी आहे तोवर विचारायचंच नाही. तो लालभडक झाला, पाठीवर हात ठेवताच ती पंख जरा पसरून खाली बसली, की दिवस जवळ आले. शेपटीखालची दोन हाडं तुम्ही मला बोटांनी चाचपायला लावलीत. तलंगेत तिथे एक बोट कसंबसं मावतं, अंड्यावर आलेलीत दोन-तीन बोटं सहज. सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांना हा प्रकार अजिबात पसंत नव्हता.

खाण्याच्या बाबतीत तुम्ही कडक. शिळी पोळी आणि भात मूठभर ठीक, पण त्यावर पोट भरलं तर प्रथिनं कुठून मिळणार? दुकानदार लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, गळ्यात मारत होता. त्यात चुना (कॅल्शियम) वाढत्या कोंबड्यांच्या ग्रोअर मॅशच्या तिपटीहून जास्त, आणि अंडी न देणाऱ्या कोवळ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांना तो झेपत नाही. म्हणून पहिलं अंडं दिसेपर्यंत ग्रोअर मॅश, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, जिला हवा ती खाईल. जंतांचं औषधही तुम्ही आधी विष्ठा तपासूनच दिलंत. टॉनिकच्या बाटल्या तर परतच करायला लावल्यात. काका, औषध देणारे खूप भेटतात हो. "काही देऊ नका" म्हणणारा माणूस मिळायला नशीब लागतं.

दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरलेल्या कोंबड्या आणि जागा बदलल्यावर रुसलेल्या कोंबड्या हे तुमचे किस्से गल्लीत आता सगळे सांगतात.

तर खबर अशी की संक्रांतीनंतर तांबडीचा तुरा लाल झाला, पण खुराडं रिकामंच. तुम्ही म्हणाला होतात तसं अडगळीत शोधलं, तर जुन्या सिमेंटच्या गोणीमागे बाईसाहेबांनी चक्क साठा केलेला! अंडी लहान, एकाचं कवच कागदासारखं मऊ. सुरुवातीला असं होतंच, हे तुमच्यामुळे माहीत होतं, म्हणून घरात कुणी घाबरलं नाही. आता बाकीच्या गावरानही लागल्यात आणि खुराड्यात भाताच्या पेंढ्याचं घरटं केलंय.

कडकनाथ अजून ढिम्म आहे. तिला वेळ लागणार हे मला पटलंय. सासूबाई मात्र तिच्याकडे बघून रोज मसाल्याचं नाव काढतात. तेव्हा रविवारी अंडी न्यायला याल, तेव्हा त्यांना तेवढं तुम्हीच समजावून सांगा.

आपली,
गल्लीच्या टोकाची सूनबाई