ऐनवेळचे विषय

मोनरोव्हिल, पिट्सबर्ग
१४ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना शि. सा. न.

बाबा, मायना बरोबर आहे ना? नाहीतर तुम्ही पत्र पुढे वाचूच द्यायचा नाहीत.

आई, हे तू बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. मोतीबिंदू काढल्यापासून तुला सगळं लख्ख दिसतंय, तेव्हा आता काम कर. व्हिडिओ कॉलवर बाबा नुसती मान हलवतात. परवा मी विचारलं, सोयाबीन काढून झालं का, तर म्हणाले, "हो हो, जेवलो." मी हसले, तूही हसलीस, पण फोन ठेवल्यावर बरं वाटलं नाही. इथल्या देवळात भेटणाऱ्या एक बाई दिवाळीला पुण्याला निघाल्यात, त्यांच्याबरोबर पाकीट देते आहे.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तू फोन ठेवता ठेवता सांगितलंस, की यंदा बाबा साखर कारखान्याच्या सभेला गेले नाहीत. "ऐकू येत नाही तर मांडवात बसून काय करू," म्हणाले. आई, मला आठवतं तेव्हापासून बाबांनी एकही वार्षिक सभा चुकवलेली नाही. आदल्या रात्री अहवाल घेऊन बसायचे, लाल पेनानं आकड्यांखाली रेघा मारायचे, आणि सकाळी तो अहवाल पिशवीत घालून पहिल्या एसटीनं जायचे. मी सातवीत असताना एकदा हट्टानं बरोबर गेले होते. विषय क्रमांक एक, मंजूर. दोन, मंजूर. पुढच्या चार रांगा जणू तेवढ्यासाठीच आणलेल्या. बाबा सगळ्यात शेवटच्या विषयाची वाट बघत बसलेले: "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय." तो पुकारला की उठायचे आणि दरवर्षी एकच विचारायचे. शेजारच्या कारखान्याचा उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, आपल्यापेक्षा जास्त का? माती तीच, पाणी तेच, ऊस तोच. त्या वर्षी तेवढ्यात माईक बंद पडला. परत येताना तुम्ही एसटीत मला म्हणालात, "आवाज चढवायचा नसतो अंजू. आकडा विचारायचा."

हे सगळं आठवायला कारण झालं इथला रेडिओ.

मी रोज मोनरोव्हिलहून ओकलंडला ऑफिसला जाते. वाटेत स्क्विरल हिलचा बोगदा लागतो. त्याच्या तोंडाशी आल्यावर का कोण जाणे, प्रत्येक गाडी ब्रेक मारते. बोगद्यात वळण नाही, टोल नाही, काही नाही, तरी मारते. त्यामुळे वीस मिनिटांचा रस्ता पाऊण तासाचा होतो आणि तेवढा वेळ मी खेळाचं स्टेशन ऐकते. गाणी नाहीत, बातम्या नाहीत, दिवसभर नुसती खेळावर चर्चा. दोन निवेदक बसलेले असतात आणि लोक फोन करतात. आधी नाव, मग गाव: एटनाचा अमुक, बीव्हर फॉल्सचा तमुक. मग ठरलेलं पालुपद, "पहिल्यांदाच फोन करतोय, ऐकतो मात्र कायम." आणि मग बसतात शिव्या घालायला. (इथली जुनी माणसं 'तुम्ही लोक' म्हणायला 'यिन्झ' म्हणतात. शेजारच्या राज्यातली माणसं त्यांना हसतात. ऐकलं की मला आपलं 'तुमी समदी' आठवतं.)

शिव्या कुणाला, तर पायरेट्सना. हा इथला बेसबॉलचा संघ. बाबा, तुम्हाला कारखान्याच्या भाषेत सांगते. सगळ्यात वर मालक, म्हणजे चेअरमन, फक्त निवडून न आलेला. बॉब नटिंग त्यांचं नाव, वर्तमानपत्रांच्या धंद्यातलं घराणं, २००७ पासून संघाची सूत्रं त्यांच्याकडे. त्यांच्याखाली जनरल मॅनेजर, म्हणजे आपले एमडी: खेळाडू घ्यायचे, विकायचे, पगार ठरवायचे. आणि मैदानावर मॅनेजर. म्हणजे आपला शेतकी अधिकारी. उतारा पडला की ज्याची बदली होते तो.

यंदा तसंच झालं. ३८ सामन्यांत १२ विजय, २६ पराभव, आणि ८ मे रोजी मॅनेजर डेरेक शेल्टन यांना घरी पाठवलं. त्याआधी महिनाभर रेडिओवर दुसरा विषय नव्हता. शेल्टननं पिचर (म्हणजे आपला बोलर) उशिरा बदलला, शेल्टनला बॅटिंगची ऑर्डर लावता येत नाही. त्यांच्या जागी डॉन केली आले. इथलेच, बटलरमध्ये जन्मलेले, आपल्याच गावचं पोरगं म्हणून सगळ्यांना आवडले. मोसम संपला तेव्हा ७१ विजय, ९१ पराभव. पहिल्यापेक्षा बरं, पण शेवटी पराभवच जास्त.

आता एक आकडा देते, लाल पेन घ्या. पॉल स्कीन्स नावाचा २३ वर्षांचा पिचर आहे आमच्याकडे, सध्या या खेळातला बहुधा सगळ्यात भारी. नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, त्यानं सरासरी किती धावा दिल्या (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या सोडून)? १.९७. दोनसुद्धा नाहीत. आणि त्याच्या नावावर विजय किती, पराभव किती? १० आणि १०. पठ्ठ्यानं समोरच्यांना दोन धावा करू दिल्या नाहीत, पण आमच्या फलंदाजांना तेवढ्याही करता येईनात. ऊस एक नंबरचा, काटा बरोबर, आणि साखर पोत्यात येत नाही. मग दोष शेतकी अधिकाऱ्याचा कसा?

मालकाची बाजू सांगणारेही फोन करतात, नाही असं नाही. गाव लहान, टीव्हीचे पैसे कमी, या खेळात पगारावर कमाल मर्यादा नाही, मग लॉस एंजेलिसच्या डॉजर्सशी आम्ही कसं लढणार? खरंय. डॉजर्सचा पगाराचा खर्च आमच्या तिपटीहून जास्त आहे. पण मिल्वॉकी हेही लहानच गाव, आणि तिथल्या ब्रूअर्सनी यंदा ९७ सामने जिंकले, सगळ्या लीगमध्ये सगळ्यात जास्त. माती तीच, पाणी तेच. बाबा, हा तुमचाच प्रश्न आहे की नाही?

शिवाय हे आजचं नाही. १९९३ ते २०१२, सलग २० वर्षं या संघानं विजयांपेक्षा पराभव जास्त पाहिले. मी इथे शिकायला आले ती त्यातल्या शेवटच्या वर्षी. दुसऱ्या वर्षी, २०१३ च्या १ ऑक्टोबरला, बाद फेरीचा सामना इथे होता. ४० हजार माणसं काळे कपडे घालून आली आणि समोरच्या पिचरच्या नावानं सुरात ओरडायला लागली, "क्वेऽऽटो, क्वेऽऽटो." आणि क्वेटोच्या हातातून बॉल खाली पडला! पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनचा होमरन, म्हणजे आपला षटकार. मी होस्टेलच्या खोलीत रेडिओवर ऐकत होते, मला बेसबॉलमधलं तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं, पण तो आवाज कळला. त्या रात्रीपासून मी यांची झाले. २०१५ ला ९८ सामने जिंकले, तरी एकाच बाद सामन्यात गार झाले. आणि २०१८ च्या जानेवारीत मॅककचन आणि कोल, दोन हिरे, एकाच महिन्यात देऊन टाकले.

यंदा एप्रिलमध्ये घरच्या पहिल्याच सामन्याला लोक ओरडत होते, "संघ विकून टाका." त्यात मला एक गंमत वाटते. लोक भागधारक नाहीत, त्यांना मत नाही, अहवाल मिळत नाही. तरी 'आमचा संघ' म्हणतात. सभासद नसलेल्यांची ही वार्षिक सभा रोज रेडिओवर भरते आणि तिच्यात विषय एकच, ऐनवेळचा. (ग्रीन बे नावाच्या गावात मात्र फुटबॉलचा संघ खरंच लोकांच्या मालकीचा आहे. भाग विकलेत, दरवर्षी भागधारकांची सभा भरते. बाबा, तुम्ही अमेरिकेत जन्मला असतात तर तिथे पहिल्या रांगेत असता.)

रेडिओवाल्यांबद्दलही माझं मत फार चांगलं आहे असं नाही. संघ हरला की फोन वाढतात आणि फोनांच्या मधे छपराच्या आणि ट्रकच्या जाहिराती. राग तापता ठेवण्यात त्यांचं काही जात नाही. मॅनेजरला काढा म्हणणं सोपं, कारण तो रोज सामन्यानंतर माईकसमोर येऊन बसतो. मालक येत नाहीत, मग त्यांच्यावर किती बोलणार? जो समोर असतो तो मार खातो. बाबा, आपल्या क्रिकेटच्या कॅप्टन वाडेकरांचं तुम्हीच सांगायचात ना. १९७१ ला गणेश चतुर्थीच्या दिवशी ओव्हल जिंकलं तेव्हा तुम्ही आरतीच्या तबकाशेजारी ट्रान्झिस्टर ठेवला होता आणि आजोबा ओरडले होते. आणि १९७४ ला लॉर्ड्सवर ४२ धावांत खुर्दा झाल्यावर त्याच वाडेकरांना लोकांनी नको नको ते ऐकवलं. तीन वर्षांत.

तर, मी फोन केला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी घरी येताना, बोगद्याच्या अलीकडे. एका मुलीनं उचलला, नाव-गाव विचारलं, विषय विचारला आणि म्हणाली, थांबा, थोडक्यात बोला, गाडीतला रेडिओ बंद करा. अठ्ठावीस मिनिटं थांबले. तेवढ्यात माझ्यापुढचे तिघे मॅनेजर, मॅनेजर आणि मॅनेजर यांवर बोलून गेले. माझे हात गार पडलेले. मग एकदम, "मोनरोव्हिलची अंजू, बोल." आवाज चढवला नाही बाबा. म्हटलं, माझे वडील साखर कारखान्याचे सभासद आहेत, ते दरवर्षी एकच प्रश्न विचारतात, तोच मला इथे विचारायचाय. मिल्वॉकी जिंकतं, आपण का नाही? मॅनेजर सोडून उत्तर द्या. एक निवेदक हसला. दुसरा क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "प्रश्न चांगला आहे," आणि जाहिराती लागल्या. माईक बंद! मी बोगद्यात शिरले आणि एकटीच मोठ्यानं हसत सुटले. शेजारच्या ट्रकवाल्यानं वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एका बाप्यानं फोन केला, आवाजावरून सत्तरीचा. म्हणाला, काल ती साखरवाली मुलगी बोलली, तिचं उत्तर कुणी दिलं का? बाबा, मी इथे साखरवाली म्हणून प्रसिद्ध झाले.

काल १३ ऑक्टोबर होता. आमच्या ऑफिसजवळ एक जुनी विटांची भिंत उभी आहे, वेलींनी झाकलेली. फोर्ब्ज फील्ड नावाचं मैदान होतं तिथे, ते पाडलं, एवढी भिंत राहिली. रेडिओवर मोठ्या लीगच्या बेसबॉल सामन्याचं पहिलं धावतं वर्णन झालं तेही याच मैदानावरून, ५ ऑगस्ट १९२१ ला, केडीकेए स्टेशनवर. बोलणारा हॅरोल्ड आर्लिन दिवसा कारखान्यात काम करायचा. आणि १९६० च्या १३ ऑक्टोबरला इथेच वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेचा, सातवा सामना झाला, न्यूयॉर्कच्या यांकीजशी. सात सामन्यांत मिळून यांकीजच्या धावा ५५, पायरेट्सच्या २७. तरी मालिका पायरेट्सनी जिंकली, शेवटच्या इनिंगमध्ये मॅझरॉस्कीच्या होमरनवर, १०-९.

दरवर्षी त्या तारखेला लोक भिंतीपाशी जमतात आणि त्या सामन्याचं रेडिओवरचं वर्णन पहिल्यापासून पुन्हा ऐकतात. यंदा मी उरलेली रजा टाकून गेले. घडीच्या खुर्च्या, थर्मास, गुडघ्यावर पांघरूण. निकाल सगळ्यांना पाठ, तरी आठव्या इनिंगला माणसं पुढे सरकून बसलेली. दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी तो होमरन झाला होता, तेव्हा बरोबर त्याच मिनिटाला टेपवरही होतो. शेवटच्या चेंडूआधी निवेदक गडबडीत पिचरचं नाव चुकीचं घेतो, टेरीच्या जागी डिटमार. माझ्या शेजारच्या आजोबांनी बोट उचललं आणि मास्तरासारखं म्हणाले, "टेरी." ६५ वर्षांची चूक, अजून दुरुस्त करताहेत.

त्यांच्या दोन्ही कानांत मशीन होतं. बारीक, तुमच्यासारखंच. मधे एकदा शिट्टी वाजली तर त्यांनी ते काढलं, रुमालानं पुसलं, परत बसवलं आणि मला म्हणाले, "काही बुडालं नाही ना?"

बाबा, तुमचं मशीन कपाटात ठेवण्यासाठी आणलेलं नाही. घरघर होते, भांड्यांचा आवाज कानात घुसतो, सगळं कबूल. पण आई म्हणते, तुम्ही ते एकूण चार दिवस लावलंत. कानवाल्या डॉक्टरांनी महिनाभर तरी लावा सांगितलं होतं. पुढच्या सभेला अकरा महिने आहेत. यंदाचा अहवाल आलाय ना घरी? त्यातला उतारा मला लिहून कळवा. शेजारचाही कळवा.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तुमच्या संध्याकाळी सातला फोन करीन. १३ ऑक्टोबरच्या टेपची शेवटची दहा मिनिटं मोबाईलवर घेतली आहेत, ती लावणार आहे. मान हलवून चालणार नाही, पिचरचं नाव विचारीन.

आई, मशीनचे सेल तुझ्या शिवणाच्या डब्यात आहेत, बटणांच्या खाली. ३१२ नंबरचे, तपकिरी चिकटपट्टीवाले. पट्टी काढली की पाच मिनिटं तसाच हवेवर ठेव, मग बसव.

तुमची
अंजू