विझला तो एकच प्रकाश

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाच्या निमित्ताने आपल्या विज्ञान पानावर न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या) टकरीवर लेख आला. औंढा नागनाथजवळच्या प्रकल्पाची माहिती त्यात नेमकी आहे. खटकले ते एकच वाक्य: ‘टकरीचा प्रकाश दोन आठवड्यांत विझला आणि निरीक्षण संपले.’ दोन आठवड्यांत मावळला तो डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांतला प्रकाश. रेडिओतला प्रकाश तर तोवर कोणाला दिसलाही नव्हता.

लेखात आलेली घटना १७ ऑगस्ट २०१७ ची, म्हणजे जीडब्ल्यू१७०८१७. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळल्याची गुरुत्वीय लहर पृथ्वीवर पोहोचली आणि सुमारे १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला. आपला अॅस्ट्रोसॅट उपग्रह त्या क्षणी पृथ्वीच्या आड होता. अमेरिकेतल्या लायगोच्या लिव्हिंग्स्टन इथल्या शोधकाच्या नोंदीत नेमका टकरीच्या सेकंदभर आधी यंत्राचा एक खरखराट मिसळला होता. तो काढून तिन्ही शोधकांच्या (लायगोचे लिव्हिंग्स्टन व हॅनफर्ड आणि इटलीतला व्हर्गो) नोंदींवरून आकाशाचा नकाशा तयार व्हायला पाच तास गेले. नकाशा हाती आला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते आणि वासुकी तारकासमूहातला तो भाग कधीच मावळला होता. पहिला मान चिलीला मिळाला तो यामुळे. लास कम्पानास इथल्या एक मीटर व्यासाच्या स्वोप दुर्बिणीने नकाशातल्या दीर्घिकांची यादी करून एकेक टिपायला घेतली आणि नवव्या प्रतिमेत एनजीसी ४९९३ शेजारी नवा ठिपका सापडला. टकरीला तेव्हा १०.९ तास झाले होते. ठिपका साडेसतराव्या प्रतीच्या आसपास होता (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद), अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे.

‘दोन आठवडे’ हा आकडा इथून पुढे फसवतो. टकरीत बाहेर फेकलेले द्रव्य, सूर्याच्या वस्तुमानाच्या शेकडा पाचेक भाग, किरणोत्सारामुळे तापलेले असते. ते पसरते, निवते आणि त्याचा रंग बदलतो. निळ्या गाळणीतून पाहिले तर तेज दिवसाला एका प्रतीहून जास्त गतीने घसरत होते आणि दोन-तीन दिवसांत ठिपका हातचा गेला. जवळच्या अवरक्त पट्ट्यात मात्र तोच ठिपका दोन-तीन आठवडे टिकला. स्पिट्झर दुर्बिणीने ४.५ मायक्रॉनवर तो ४३ व्या आणि ७४ व्या दिवशीही टिपला. जड द्रव्यातल्या लँथनाइड मूलद्रव्यांचे अणू निळा प्रकाश अडवतात, म्हणून ऊर्जा उशिरा आणि लाल होऊन बाहेर पडते. तेव्हा ‘विझला’ म्हणताना कोणत्या गाळणीत आणि कितव्या दिवशी, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

छोट्या दुर्बिणीवर काम करणाऱ्यांना यात व्यवहाराच्या काही गोष्टी आहेत. दीर्घिकेची आधीची प्रतिमा त्याच गाळणीतली हाताशी हवी, कारण नव्या प्रतिमेतून जुनी वजा केल्याशिवाय दीर्घिकेच्या उजेडात बुडालेला ठिपका मोजता येत नाही. वजाबाकी करताना दोन्ही रात्रींची हवेची स्थिरता जुळवून घेतली नाही, तर गाभ्याशी काळी-पांढरी कडी उरतात आणि उत्साही माणूस त्यालाच शोध समजतो. एकाच जागेच्या दोन प्रतिमा किमान अर्ध्या तासाच्या अंतराने घ्याव्यात. लघुग्रह असेल तर तो तेवढ्यात सरकतो. आणि निदान दोन गाळण्या वापराव्यात. सुपरनोव्हाचा रंग बदलायला आठवडे लागतात, किलोनोव्हा, म्हणजे अशा टकरीतल्या तापलेल्या द्रव्याचा प्रकाश, एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत लाल होतो. काही दिसले नाही तरी ‘अमुक वेळी, अमुक गाळणीत, अमुक प्रतीपर्यंत काही नाही’ अशी नोंद करावी. ती कामाला येते. ‘दिसले नाही’ एवढेच लिहिलेली नोंद कोणाच्याच कामाची नाही.

आता रेडिओकडे. टकरीतून सुटलेला झोत आजूबाजूच्या विरळ वायूवर आदळतो आणि त्या धक्क्यातून क्ष-किरण व रेडिओ लहरी निघतात. क्ष-किरण टिपणाऱ्या चंद्रा वेधशाळेला दुसऱ्या दिवशी काही दिसले नाही, नवव्या दिवशी दिसले. अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीला १६ व्या दिवशी, २ सप्टेंबरला. त्यानंतर तेज मावळायचे सोडून वाढत गेले! साधारण काळाच्या ०.८ घाताने वाढून पाच महिन्यांनी, जानेवारी २०१८ च्या सुमारास, ते शिगेला पोहोचले. मध्यंतरी एनजीसी ४९९३ सूर्याजवळ गेल्याने प्रकाशीय दुर्बिणी आणि चंद्रा यांना डिसेंबर उजाडेपर्यंत थांबावे लागले. रेडिओला दिवसाउजेडाची अडचण नसते, म्हणून त्या खिंडीत मोजमापे चालू राहिली ती रेडिओचीच. त्यात आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचाही वाटा आहे.

हे मोजमाप नाजूक असते. शिखरावरही ३ गिगाहर्ट्‌झवर तेज शंभरेक मायक्रोजान्स्की (रेडिओ तेजाचे एकक) इतकेच होते. वर्णपटाचा घात सुमारे उणे ०.५८, म्हणजे कमी वारंवारतेला उगम अधिक तेजस्वी. ही जीएमआरटीची जमेची बाजू. पण वारंवारता जितकी खाली न्यावी तितकी दुर्बिणीची नजर जाड होते. ठिपक्यापासून फक्त १० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतरावर दीर्घिकेचा गाभा आहे आणि तोही रेडिओत चमकतो. ६१० मेगाहर्ट्‌झला पाचेक विकलांची नजर मिळते, तिथवर दोघे वेगळे दिसतात. त्याच्या खाली एकमेकांत मिसळू लागतात. पार्श्वभूमीचा गोंगाट वीसेक मायक्रोजान्स्कीपर्यंत उतरवायला तासन्‌तास बसावे लागते, त्यात मोबाइलच्या लहरींनी खराब केलेला भाग कापून टाकावा लागतो. दर खेपेला तेज माहीत असलेले तेच प्रमाण-उगम वापरावेत, नाहीतर मापपट्टीतली दहा टक्क्यांची चूक तेज वाढल्याचा किंवा घटल्याचा आभास निर्माण करते.

एवढी चिकाटी कशासाठी? चढत्या आलेखाचे दोन अर्थ निघत होते: झोत आतच कोंडून सगळीकडे फुगलेला कोष, किंवा कडेने पाहिलेला अरुंद झोत. उतार सुरू झाला तो काळाच्या जवळपास उणे दोन घाताने. कोषाचे तेज इतके झपाट्याने उतरत नाही. ७५ व्या आणि २३० व्या दिवसाच्या दरम्यान उगम आकाशात २.७ सहस्रांश विकला सरकल्याचेही दिसले आणि झोताची बाजू पक्की झाली. दोन आठवड्यांनी निरीक्षण संपले असते तर हा वाद तसाच राहिला असता.

लायगो-इंडियाचा संबंध इथेच येतो. २०१७ मध्ये शोधायचे क्षेत्र सुमारे ३० चौरस अंश होते. २५ एप्रिल २०१९ च्या टकरीत हॅनफर्डचा शोधक बंद होता आणि क्षेत्र आठ हजार चौरस अंशांवर गेले, म्हणजे आकाशाचा पाचवा हिस्सा. प्रकाश सापडलाच नाही. शिवाय ही टकर साधारण चौपट दूर. चौपट अंतर म्हणजे तीन प्रती मंद, साडेसतराचे साडेवीस. महाविद्यालयाच्या गच्चीवरच्या १४ इंची दुर्बिणीला २०१७ चा ठिपका जमला असता, हा नाही. हिंगोलीतला शोधक क्षेत्र लहान करील, ठिपक्याचे तेज वाढवणार नाही. त्यासाठी लडाखमधल्या हानलेसारख्या उंचीवरच्या दुर्बिणी मोकळ्या ठेवाव्या लागतील आणि रेडिओचा वेळ महिनोन्‌महिने राखून ठेवावा लागेल.

पुढच्या टकरीची बातमी छापाल तेव्हा गाळणी, दिवस आणि प्रत हे तीन आकडे तेवढे सोबत द्या. जागा अर्ध्या ओळीची लागेल.

आपले,
खगोलनिरीक्षण करणारे काही वाचक, पुणे