लायब्ररीतल्या ताईंना, मनापासून

ताई, समोर बोलायला गेले की घसा दाटतो, म्हणून लिहूनच काढतेय.

माझी लेक दुसरीत. वाचते म्हणजे अगदी फाडफाड, जोडाक्षरालासुद्धा अडत नाही. पाहुणे आले की आम्ही तिला पेपर वाचायला लावायचो, सगळे वा वा करायचे. पण काय वाचलंस गं विचारलं की नुसती आमच्या तोंडाकडे बघत बसायची. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या लक्ष नसतं तिचं, प्रश्नोत्तरं पाठ करून घ्या. (त्याच शाळेच्या गेटवर निपुण भारतचा हा एवढा बोर्ड आहे. 2021 ची योजना, तिसरी संपेपर्यंत मुलांना समजून वाचता यायला हवं अशी. बोर्ड कोणी समजून वाचला असेल असं वाटत नाही.) ट्यूशनवाल्या बाईंनीही तेच सांगितलं, फक्त पैसे घेऊन. मग मी अप्पा बळवंत चौकातून वर्कबुकांचा गठ्ठा आणला आणि रोज संध्याकाळी घरात रडारड. धपाटेही घातलेत, खोटं कशाला बोलू.

तुमच्याकडे धनकवडीत आलो ते खरं तर पावसाचा आडोसा म्हणून. एवढीशी खोली, आणि पुण्यात असूनही 'हात लावू नये' अशी एकही पाटी नाही! तुम्ही एक चित्रांचं पुस्तक काढलंत आणि खालची ओळ तळहाताने झाकलीत. आधी चित्र बघायचं, काय चाललंय ते सांगायचं, पुढे काय होईल तेही, आणि मग ओळ वाचायची. मला वाटलं हे बालवाडीचं झालं. तुम्ही एवढंच म्हणालात की तिला वाटतंय वाचणं म्हणजे न अडखळता संपवणं, आणि ते तिला मोठ्यांनीच शिकवलंय. लागलं मला ते.

आणि मग ते पान. ओळ होती, आजी म्हणाली मला भूक नाही. पोरगी म्हणाली, "आजी खोटं बोलतेय." मी लगेच, अगं नीट वाच की. तुम्ही मला हातानेच थांबवलंत, चष्मा लावलात, पुस्तक जवळ ओढलंत आणि तिला विचारलंत, "कशावरून गं?" तिने बोट ठेवलं. टोपलीत भाकऱ्या दोन, पोरं तीन. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "अगं बाई, हे मला दिसलंच नव्हतं."

आता तुम्हाला खरंच दिसलं नव्हतं की काय ते तुम्हालाच ठाऊक, मी विचारणार नाही. पण तिचा चेहरा मी बघितलाय. आजवर तिला सगळ्यांनी उत्तर विचारलं होतं, कशावरून असं कोणीच विचारलं नव्हतं, मी धरून. सात वर्षांच्या पोरीसमोर मला दिसलं नव्हतं म्हणायला किती मोठं मन लागतं, आमच्या ऑफिसात पन्नाशीच्या माणसांना जमत नाही.

आता रात्री मोबाईलवर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरचं एक मराठी पुस्तक ठरलेलं, फुकट असतात आणि सोप्याकडून अवघड अशा चार पातळ्या आहेत. ओळ मी झाकते. एकच पुस्तक तीन-तीनदा होतं, दर वेळी तिला चित्रात नवीन काहीतरी सापडतं, मला नाही सापडत.

आजीचं पुस्तक अजून आमच्याकडेच आहे, शनिवारी आणून देते. भाकरीच्याच पानावर वरणाचा डाग पडलाय, तेवढं सांभाळून घ्या.