पिग्मीवाल्या काकांना

काका, शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या महिन्यापासून आमच्या गल्लीत पिग्मी, म्हणजे रोजची थोडी थोडी बचत, गोळा करायला नवा मुलगा येतो. गुणी पोरगा आहे. तुम्ही गुडघ्यामुळं काम सोडलंत हे त्याच्याकडूनच कळलं. तुमचा निरोप घ्यायचा राहिला, म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण इचलकरंजीत आमच्यासारखी आठवड्याच्या पगारावर चालणारी घरं पुष्कळ आहेत. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी घरात शिरलं. गाद्या, पोरांची पुस्तकं, माझं शिलाई मशीन, सगळं गेलं. तेव्हा मी बायकांच्या गटातून फायनान्सचं कर्ज काढलं. ते फिटायच्या आत २०२० चा लॉकडाऊन लागला आणि माग बंद पडले. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढं ढकलायची सवलत दिली होती, ती आम्ही घेतली. हप्ता थांबला तरी व्याज चढतच असतं, हे आम्हाला नंतर कळलं. मग पहिलं फेडायला दुसरं कर्ज, आणि ते मी ह्यांना सांगितलंच नाही. ह्यांनीही मला न सांगता एकाकडून २० हजार उचलले होते, महिना दहा टक्क्यांनी. एका खोलीत राहून आम्ही एकमेकांपासून देणी लपवत होतो. रात्री दोघंही जागे असायचो आणि दोघंही झोपल्याचं दाखवायचो.

तरी लॉकडाऊननंतर चालू केलेली तुमची रोजची ५० रुपयांची पिग्मी मी सोडली नव्हती. तेवढीच एक गोष्ट आपल्या हातात आहे असं वाटायचं. २०२१ च्या दिवाळीनंतर मात्र तीही जमेना. चार दिवस ओळीनं मी तुम्हाला "काका, उद्या देते" म्हटलं. चौथ्या दिवशी तुम्ही पिशवी खाली ठेवलीत, पाणी मागितलंत आणि विचारलंत, "वैनी, मालक घरात कधी असतात? दोघं असताना बोलतो."

रविवारी तुम्ही आलात. लेकीच्या वहीतलं पान मागून घेतलंत आणि म्हणालात, "ज्याचं ज्याचं देणं आहे, सगळं लिहायचं. कोण कुणाला रागावणार नाही." ह्यांनी २० हजारांचा आकडा सांगितला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मग मीही माझं सांगितलं. त्या पानावर पहिल्यांदा आमचं सगळं देणं एका जागी दिसलं. भीती वाटली, पण त्या रात्री मला झोप लागली.

पुढं तुम्ही जे बोललात ते मी कधीच विसरणार नाही. "पिग्मी मोडा," म्हणालात. मला आधी कळेचना. पिग्मीत १४ महिन्यांचे २१ हजार साठले होते, त्यावर मिळणारं व्याज चिमूटभर. आणि त्या माणसाला आम्ही दर महिन्याला दोन हजार नुसतं व्याज देत होतो. अकरा महिन्यांत २२ हजार गेले होते, मुद्दल जागच्या जागी. "एका हातानं साठवताय आणि दुसऱ्या हातानं त्याहून जास्त घालवताय," असं तुम्ही स्वच्छ सांगितलंत. पिग्मीच्या कमिशनवर तुमचं घर चालायचं. आमचं खातं बंद झालं की तुमचंही तेवढं उत्पन्न जाणार, हे मला दिसत होतं. तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

त्याच्याकडं सावकारीचा परवाना आहे का, हेही तुम्हीच विचारलंत. विनापरवाना व्याजाचा धंदा करणं २०१४ च्या सावकारी कायद्यानं गुन्हा आहे, सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तक्रारीचा धीर आम्हाला झाला नाही आणि तुम्ही तो आग्रह धरला नाही. एवढंच बजावलंत की त्यानं ठेवून घेतलेला सहीचा कोरा चेक आधी हातात घ्या, मगच पैसे मोजा. ह्यांनी तसंच केलं. तो चेक आम्ही चुलीत घातला.

मग वही. आठवड्याला पगार येतो, पण भाडं, लाईटबिल, गॅस महिन्याचं, तिथंच आमची ओढाताण व्हायची. पहिल्या पगारातून भाडं, दुसऱ्यातून किराणा, तिसऱ्यातून लाईटबिल आणि गॅस, चौथ्यातून फायनान्सचे हप्ते बाजूला, अशी वाटणी तुम्ही करून दिलीत. माझ्या फॉल-पिकोच्या पैशांतून भाजी आणि दूध. आणि मग ते गणित, जे इतकी वर्षं मागावर काम करून ह्यांच्याही लक्षात आलं नव्हतं: वर्षाचे आठवडे ५२, महिन्याला चार धरले तर ४८, म्हणजे चार पगार जास्तीचे. ज्या महिन्यात पाचवा पगार येतो, तो आम्ही आजवर कपड्यालत्त्यात, पाहुण्यारावळ्यांत कधी संपवला ते कळायचंही नाही. "पाचवा आठवडा देणेकऱ्याचा," तुम्ही म्हणालात. त्या चार पगारांनीच आमचं दुसरं कर्ज मुदतीआधी मिटवलं.

वही लिहायचं काम तुम्ही लेकीला दिलंत. ती तेव्हा सहावीत होती. पहिल्याच आठवड्यात तिनं "पप्पांचा मावा आणि चहा, २८० रुपये" असं लिहिलं. कुणी काही बोललं नाही. ह्यांनी ते पान बराच वेळ बघितलं. पुढच्या महिन्यापासून तो आकडा कमी होत गेला. थोरल्यानं सहलीचे पैसे मागण्याआधी स्वतः वही उघडून बघितली, तेव्हा मला रडू आलं. पोरांना गरिबी दाखवू नये असं मला वाटायचं. पण ती आमच्यापेक्षा शहाणपणानं वागली.

शेवटचा हप्ता गेल्या वर्षी संपला. आता पाचवा पगार जूनमधल्या शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवतो. मागच्या आठवड्यात मी पुन्हा पिग्मी चालू केली, ५० रुपयांचीच. पहिली पावती तुमच्या हातून घ्यायची होती, ते राहून गेलं.

रविवारी ह्यांना सुट्टी असते. ते गाडीवरून तुम्हाला न्यायला येतील, गुडघ्याला त्रास नको. लेकीला तुम्हाला वही दाखवायची आहे. तिसरी वही लागली आहे.

तुमची,
गल्लीतल्या शेवटच्या घरातली वैनी