ठरावावर सही करण्याआधी

प्रिय विनू,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. रागावला असशील, तो हक्क आहे तुझा. तब्येत बरी. पण किनाऱ्यावरच्या दगडी बंधाऱ्याच्या ठरावावर भाऊ तुझी सही मागतायत असं कळलं, म्हणून आजच बसलो.

घाई करू नकोस रे. ऑगस्टात किनाऱ्याची वाळू, आपली पुळण, खचलेली बघून सगळे घाबरलेत. पावसाळी लाटा वाळू ओढून समुद्रात नेतात आणि दिवाळीनंतरच्या शांत लाटा बरीचशी परत आणून टाकतात. किती गेली, किती आली हे मोजल्याशिवाय कळणार कसं? शाळेतली मुलं मोजू शकतील. दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या, वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा, मध्ये दोन मीटर दोरी. देवळाच्या जोत्यापासून सुरुवात, दर अमावास्येच्या ओहोटीला. वरच्या, म्हणजे देवळाकडच्या काठीमागे उभं राहायचं, खालच्या काठीचं टोक क्षितिजाला लावायचं. नजरेची रेघ वरच्या काठीवर जिथे येते, तिथपर्यंतचं टोकापासूनचं अंतर म्हणजे उतार. काठी वाळूत रुतली की आकडा चुकतो, म्हणून खाली फळीचा तुकडा ठोकायचा.

आणि बंधारा? उभ्या दगडावर लाट आपटली की मागे फिरताना पायथ्याची वाळू उकरते. पुळण खाली जाते, दगड पुढे कलंडतात. बंधारा संपतो तिथली जमीन तर दुप्पट जोमाने कापली जाते, आणि आपला संपणार कोळीवाड्याच्या तोंडावर. भरतीचं पाणी घराच्या पायाला लागतं तिथे दगडाशिवाय इलाज नाही, मान्य. पण आपली वाळूची टेकडी अजून शाबूत आहे.

तिला मर्यादवेल हवी, वाळूवर पसरून ती धरून ठेवणारी. नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र निवळला पण पाऊस आहे तोवर, हातभर लांब तुकडे घ्यायचे, निम्मी पेरं वाळूत गाडायची. उधाणाचा कचरा जिथे थांबतो, त्याच्या बऱ्याच वर. खाली लावली तर पुढचं उधाण उपटून नेतं. आणि गाड्या बंद! एकदा चाक फिरलं की वेल तुटते, तिथून वारा टेकडी पोखरायला लागतो.

सुरूच्या झाडांवरून किती भांडलो आपण! वारा अडवतो, तुझं खरं. पण काठावरच्या सुरूच्या मुळांखालून लाट वाळू काढते आणि झाड आडवं होतं. त्याच्या सुयांसारख्या पानांच्या थरात वेलही रुजत नाही, कासविणीला अंडी घालायला मोकळी वाळू उरत नाही. मागे लाव हवा तेवढा.

चिनूची बारावी ना यंदा? नवीन जागेचा पत्ता कळव. काकूंना नमस्कार.

भाऊंना एवढंच सांग, ठराव एक वर्ष थांबवा, बारा अमावास्यांचे आकडे येऊ देत. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

तुझा,
बाळ्या