जुन्या घराच्या दुरुस्तीलाही मदत मिळावी

महोदय,

मे महिना लागला की आमच्या दापोली तालुक्यात घरे शाकारण्याची लगबग सुरू होते. अलीकडे त्याच दिवसांत जुनी घरे जेसीबी लावून पाडण्याचे कामही चालू असते, आणि गेल्याच आठवड्यात आमच्या वाडीतले असे एक घर भुईसपाट झाले म्हणून हे पत्र लिहीत आहे. त्या घराचे वासे ठणठणीत होते. ‘पडायला झाले आहे’ असे ज्या घरांविषयी सांगितले जाते, त्यांतली पुष्कळशी घरे दुरुस्त होऊ शकतात आणि ती दुरुस्ती जाणणारी माणसे अजून गावात आहेत, हे मी स्वतःच्या घराच्या अनुभवावरून सांगू शकतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि रायगडबरोबरच दापोली, मंडणगड या तालुक्यांतल्या नारळी-पोफळीच्या बागा व घरांची छपरे त्याने उद्ध्वस्त केली. पणजोबांनी बांधलेले आमचे घर, जांभ्या चिऱ्याच्या जोत्यावर उभारलेल्या मातीच्या भिंतींचे, त्यात सापडले. परसातला फणस पडवीवर कोसळला आणि माजघरावरची कौले उडाली. टाळेबंदीमुळे आम्ही पुण्यात अडकून पडलो होतो. शेजाऱ्यांच्या स्वतःच्या घरांवर कौल उरले नव्हते, तरी त्यांनी तिसऱ्याच दिवशी आमच्या भिंतींच्या माथ्यावर ताडपत्री आणि नारळाची झापे घालून वर चिरे ठेवले. मातीची भिंत बाजूने लागणाऱ्या पावसाला बराच काळ दाद देत नाही, पण माथ्यातून पाणी मुरले की ती आतून विरघळते आणि उभीच्या उभी बसते. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात ते आच्छादन नसते, तर दिवाळीला आम्हाला नुसते जोते पाहायला मिळाले असते.

पुढे ज्या व्यावसायिकाला घर दाखवले, त्याने अर्ध्या तासात ते पाडून स्लॅबचे घर बांधण्याचा सल्ला दिला. वाडीतल्या वृद्ध सुतारांनी मात्र दोन दिवस घेतले. प्रत्येक खांब आणि तुळई हातोडीने वाजवून, शंका आली तिथे पटाशी टोचून त्यांनी सांगितले की वाळवी आणि कुजणे हे भिंतीत गाडलेल्या टोकांपुरतेच आहे. मधले सागवान आणि ऐनाचे वासे आणखी दोन पिढ्या जातील. मग सडलेली टोके कापून तिथे नवे लाकूड सांध्याने जोडायचे ठरले. पडवीवर पडलेला फणस त्यांनी विकू दिला नाही. त्याच्या फळ्या चिरून, मध्ये पट्ट्या घालून, वर्षभर सावलीत रचून ठेवल्या आणि त्यातूनच पडवीचे नवे खांब व दाराची चौकट झाली.

सर्वांत जास्त शिकवले ते बाहेरच्या भिंतीने. १९८०च्या दशकात माझ्या वडिलांनी, घर टिकावे याच इच्छेने, तिला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. मातीची भिंत जमिनीतला आणि हवेतला ओलावा ओढून घेते व कोरड्या दिवसांत तो बाहेर सोडते. सिमेंटने ही वाट बंद केल्यामुळे ओल आत कोंडून राहिली होती, आणि गिलाव्याची खपली हाताने निघाली तेव्हा मागची माती लोण्यासारखी मऊ झालेली दिसली. तिथे चुनाच हवा होता, पण चुन्याचे काम करणारा गवंडी आमच्या गावात उरला नव्हता. शेजारच्या गावातले एक गवंडी, ज्यांना गुडघ्यांमुळे परांचीवर चढता येत नाही, रोज सकाळी येऊन अंगणात खुर्चीवर बसत आणि वर काम करणाऱ्या मुलांना सांगत. कळीचा चुना किती दिवस पाण्यात विरू द्यायचा, त्यात विटांचा चुरा आणि वाळू किती घालायची, थापीला चिकटला तर काय समजायचे, हे सगळे त्यांना तोंडपाठ होते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू कठीण होतो, म्हणून पावसाच्या तोंडावर घाई करू नका, या एका मुद्द्यावर त्यांनी आमचे काम चार महिने थांबवले. त्या वेळी मला राग आला होता. आज ती भिंत पाहिल्यावर त्यांचे ऋण जाणवते.

कौलांची अडचण वेगळीच होती. सुमारे ३,००० कौले लागणार होती आणि निम्मी फुटली होती. पाडलेल्या घरांची परसात रचून ठेवलेली कौले वाडीतल्या सात-आठ घरांनी दिली आणि कोणीही पैसे घेतले नाहीत. त्यांतल्या काहींवर १८६५ हा आकडा होता, त्यावरून आपले घर तेवढे जुने असल्याची समजूत काही घरांत आहे. खरे तर ते मंगळूरच्या बासेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचे स्थापना वर्ष आहे. कौले चढवण्याच्या दिवशी अंगणापासून आढ्यापर्यंत माणसांची रांग लागली आणि हातोहात कौले वर गेली. माजघराची जमीन चोपून सारवण्याचे काम वाडीतल्या बायकांनी ठरवले तसे झाले, कारण माती आणि शेणाचे प्रमाण त्यांच्याइतके कोणालाच कळत नव्हते. सामान आणण्याचा खर्च मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने उचलला. हे सारे सावडीने, म्हणजे एकमेकांच्या कामाला आळीपाळीने जाण्याच्या रीतीने झाले, त्यामुळे पुढच्या दोन उन्हाळ्यांत आम्हीही शेजाऱ्यांची छपरे शाकारायला उभे राहिलो.

एवढे असूनही प्रत्येक कुटुंबाला हे जमणार नाही, आणि माझा मुद्दा इथे आहे. वादळानंतरच्या पंचनाम्यात आमच्या घराची नोंद ‘कच्चे घर’ अशी झाली. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) नवे पक्के घर बांधण्यासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य मिळते, आणि ज्यांच्या डोक्यावर छप्परच नाही त्यांना ते मिळालेच पाहिजे. पण ज्याचे जुने घर याहून कमी पैशांत नीट होऊ शकते, त्या माणसालाही ते पाडून नवे बांधण्याचाच मार्ग सोपा वाटावा, हे बरोबर नाही. रत्नागिरीच्या टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर कोकणी पद्धतीचे, कौलारूच आहे. शासन त्याची निगा राखते म्हणून ते आजही पाहायला मिळते. सामान्य माणसाच्या घराला तेवढी निगा नको, वेळेवर थोडी मदत आणि योग्य सल्ला पुरे आहे. वादळ-पुराच्या मदतीत आणि घरकुलाच्या योजनांत माती, चुना, लाकूड आणि कौले यांनी होणाऱ्या दुरुस्तीचा स्वतंत्र विचार व्हावा, पाडण्याआधी अशा घराची तपासणी हे काम जाणणाऱ्या सुतार-गवंड्यांकडून व्हावी आणि त्या तपासणीचा मोबदला त्यांना मिळावा, एवढी माझी विनंती आहे.

आमचे सुतार आता पंच्याहत्तरीला आले आहेत. या उन्हाळ्यात ते आमच्यापासून तिसऱ्या घराचे छप्पर दुरुस्त करत असून गावातली दोन मुले त्यांच्या हाताखाली शिकत आहेत. त्या घराला अजून पाच-सहाशे कौले कमी पडतात. तालुक्यात ज्यांच्याकडे पाडलेल्या घराची जुनी कौले पडून असतील, त्यांनी ती भरावात टाकण्याआधी आपल्या ग्रामपंचायतीत कळवावे आणि ग्रामपंचायतींनी ती साठवण्यासाठी एखादी मोकळी पडवी द्यावी.

आपला,
एक वाचक
ता. दापोली, जि. रत्नागिरी